दूर काय आणि जवळ काय: शरीरात डोकावणारी दुर्बीण आणि धाराशिवच्या बायका

मराठवाड्यात कुणाचं पोट महिनोन्‌महिने दुखत राहिलं, की डॉक्टर म्हणतात, 'दुर्बिणीतून बघावं लागेल.' घरी येऊन माणूस तेच सांगतो, 'दुर्बीण घालणार आहेत.' एन्डोस्कोपी, लॅपरोस्कोपी, सिस्टोस्कोपी अशी वेगवेगळी नावं रिपोर्टवर असतात. लोकांच्या तोंडी मात्र सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे.

हा शब्द फारसीतून दख्खनीत आणि तिथून मराठीत रुजला. दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे पाहणारा. लांबचं गलबत, लांबचा तारा पाहणाऱ्या नळीसाठी तो होता. आपल्या लोकांनी तो शरीराच्या आत, अगदी वीतभर अंतरावर पाहणाऱ्या नळीला लावला. वरवर हा विरोधाभास वाटतो. पण शरीराच्या आत पाहण्याचा इतिहास वाचत गेलं की हा शब्द अचूक वाटू लागतो, कारण माणसाला स्वतःचंच शरीर फार काळ दूर राहिलं आहे. काहींना तर ते आजही तेवढंच दूर आहे. या इतिहासातलं एक मोठं पान आपल्या धाराशिव जिल्ह्यात लिहिलं गेलं. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत ते 'उस्मानाबाद' या नावाने नोंदलेलं आहे. जिल्ह्यात मात्र ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

सुश्रुत, जहरावी आणि इब्न अल्-हैसम

शरीराच्या नैसर्गिक वाटांमधून आत पाहायचं, ही कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेत नाडीयंत्रांचा म्हणजे पोकळ नळ्यांच्या हत्यारांचा वर्ग आहे आणि त्यात योनीतली जखम पाहण्याच्या यंत्राचंही नाव येतं. रोमन काळातला योनिदर्शक पाँपेईच्या उत्खननात सापडला आहे. ही विद्या एका धर्माची किंवा एका देशाची नव्हती.

मध्ययुगात तिला पुस्तकी शिस्त लावणाऱ्यांत पहिलं नाव घ्यावं लागतं ते अबुल कासिम अल्-जहरावी यांचं. स्पेनमधल्या कुर्तुबाजवळच्या मदीनतुज्-जहरा या नगरीवरून त्यांना जहरावी म्हणतात. इसवी सन १००० च्या सुमारास त्यांनी 'अत्-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ पूर्ण केला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या आहेत आणि त्यांत स्क्रू फिरवून उघडणारे योनिदर्शकही आहेत. बाराव्या शतकात तोलेदो शहरात जेरार्ड ऑफ क्रेमोना याने हा भाग लॅटिनमध्ये नेला आणि पुढची काही शतकं युरोपातले शल्यविशारद त्यावर शिकले.

जहरावींच्या या भागात एक जागा विशेष लक्ष देण्यासारखी आहे. स्त्रीच्या मूत्राशयातला खडा काढण्याबद्दल लिहिताना ते अडचण सांगतात. स्त्री परपुरुष वैद्यासमोर शरीर उघडं करायला लाजते आणि हे काम जाणणारी स्त्री सहज मिळत नाही. मग ते उपाय सुचवतात. जाणकार सुईण बोलवा आणि वैद्याने सांगावं तशी तपासणी तिच्या हातून करून घ्या. हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला कळलं होतं की हत्यार चांगलं असून भागत नाही, ते कुणाच्या हातात आहे हेही पाहावं लागतं. पुढे धाराशिवमध्ये हाच मुद्दा कामी आला.

जहरावींच्याच काळात पूर्वेकडे प्रकाशाचं शास्त्र घडत होतं. बगदादच्या इब्न सहल यांनी इसवी सन ९८४ च्या सुमारास प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना किती वाकतो, त्याचं भूमितीतलं नेमकं नातं मांडलं. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल्-हैसम यांनी 'किताबुल मनाजिर'मध्ये दाखवलं की डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात येतो म्हणून आपल्याला दिसतं. शरीराच्या आत पाहणाऱ्याची सगळी अडचण या एका वाक्यात आहे. आत अंधार असतो. आधी उजेड आत न्यायचा आणि मग तोच उजेड तिथलं चित्र घेऊन परत आणायचा, अशा दोन फेऱ्या साधाव्या लागतात.

मेणबत्ती, तलवार आणि काचेचा धागा

जर्मनीत फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी या डॉक्टरने १८०६ मध्ये मेणबत्ती, आरसा आणि नळी जोडून एक उपकरण केलं. व्हिएन्नाच्या वैद्यकीय पंडितांनी त्याला अवाजवी कुतूहल ठरवून बाजूला टाकलं. १८६८ मध्ये अडोल्फ कुसमाउल याने जठरात सरळ नळी घालून दाखवली. हा प्रयोग त्याने तलवार गिळणाऱ्या जादूगारावर केला, कारण ४७ सेंटिमीटरची ताठ नळी घशाखाली उतरवणं सामान्य रुग्णाला शक्य नव्हतं. १९३२ मध्ये रुडोल्फ शिंडलर याने अर्धवट वाकणारी नळी आणली. तरीही जठराचे काही कोपरे नजरेआड राहत आणि रुग्णाचे हाल होत.

प्रकाश सरळ जातो आणि आतडं वळणावळणाचं असतं, ही खरी गाठ होती. ती सुटण्याची किल्ली इब्न सहल यांच्या त्या जुन्या नात्यात होती. काचेतून हवेकडे जाणारा प्रकाश फार तिरका आला, तर बाहेर पडत नाही, पूर्णपणे आत परततो. म्हणजे काचेचा केसासारखा बारीक धागा ओढला आणि एका टोकातून प्रकाश सोडला, तर तो भिंतींवर आपटत, वळणं घेत दुसऱ्या टोकाला निघतो. असे हजारो धागे एकत्र बांधले आणि दोन्ही टोकांना त्यांचा क्रम तोच ठेवला, तर प्रत्येक धागा चित्राचा एक ठिपका वाहून आणतो. एखादा धागा तुटला की चित्रात काळा ठिपका दिसतो.

जानेवारी १९५४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात अशा जुडीतून चित्र नेल्याचा लेख आला. त्याचे लेखक होते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी. कपानी पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले आणि देहरादूनला शिकलेले. त्याच अंकात नेदरलँड्सच्या अब्राहम व्हॅन हील यांचाही लेख होता. धाग्यावर दुसऱ्या पदार्थाचं आवरण हवं, नाहीतर शेजारच्या धाग्याला टेकताच प्रकाश गळतो, हा त्यांचा मुद्दा होता.

तो अंक अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात बेसिल हिर्शोविट्झ या पोटविकाराच्या डॉक्टरच्या हाती पडला. हिर्शोविट्झ लंडनला जाऊन हॉपकिन्स आणि कपानींना भेटले. परतल्यावर भौतिकशास्त्रज्ञ विल्बर पीटर्स आणि लॅरी कर्टिस हा पदवीचा विद्यार्थी त्यांच्यासोबत कामाला लागले. डिसेंबर १९५६ मध्ये कर्टिसने काचेची कांडी दुसऱ्या काचेच्या नळीत घालून दोन्ही एकत्र वितळवून धागा ओढला. प्रकाशाची गळती थांबली. १९५७ च्या सुरुवातीला हिर्शोविट्झ यांनी ती लवचीक नळी आधी स्वतः गिळली आणि मग रुग्णावर वापरली. आज गावोगावी सांगितली जाणारी 'दुर्बीण' तिथून सुरू होते. १९८३ मध्ये नळीच्या टोकाला छोटा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा बसला आणि चित्र पडद्यावर आलं.

जवळ असून न दिसलेली जागा

इथपर्यंतची गोष्ट उपकरणांच्या विजयाची आहे. ती मराठवाड्यात आणली की तिचा सूर बदलतो.

जठराच्या तळाशी पोचायला काचेचे हजारो धागे लागले. गर्भाशयमुखाला, म्हणजे ज्याला आपल्याकडे बायका गर्भपिशवीचं तोंड म्हणतात त्याला, एवढ्याची गरज नाही. जहरावींच्या चित्रातल्यासारखा योनिदर्शक आणि चांगला उजेड असला की ते डोळ्यांना दिसतं. १९२५ मध्ये हान्स हिन्सेलमान या जर्मन डॉक्टरने ते मोठं करून दाखवणारी दुर्बीण केली. तिला कॉल्पोस्कोप म्हणतात. ती शरीराच्या आत जात नाही, बाहेर उभी राहून आत पाहते. तिथे अॅसिटिक अॅसिड म्हणजे व्हिनेगरमधला आंबट पदार्थ लावला, तर बिघडू लागलेल्या पेशी पांढऱ्या दिसतात, हेही हिन्सेलमानने वापरात आणलं. याच माणसाला दुसऱ्या महायुद्धानंतर रोमा जमातीच्या स्त्रियांची सक्तीने नसबंदी केल्याबद्दल शिक्षा झाली. ज्या डोळ्याने स्त्रीचं दुखणं ओळखण्याची वाट दाखवली, त्याच डोळ्याने काही स्त्रियांना माणूस म्हणून पाहिलं नाही. विज्ञानाचा इतिहास सांगताना ही नोंद गाळता येत नाही.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका दिवसात होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग टिकून राहिला तर पेशी बिघडायला सुरुवात होते आणि कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. हा संबंध दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. म्हणजे निसर्ग इथे दशकभराची सवड देतो. त्या काळात कुणी पाहिलं, तर बिघडलेला भाग गोठवून किंवा तारेने कापून काढता येतो आणि बाई घरी जाते.

पण आपल्याकडे बायका दुखणं अंगावर काढतात. अंगावरून पांढरं जातं, मग लाल जातं, तरी सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगणं अवघड, सासूला सांगणं त्याहून अवघड, आणि दवाखान्यात पुरुष डॉक्टर. मुस्लिम मोहल्ला असो, मराठा वाडा असो की दलित वस्ती, यात फार फरक नाही. शरीराचा जो भाग उपकरणाला सर्वात जवळ होता, तोच समाजाने सर्वात दूर ठेवला.

बार्शीहून निघालेल्या जीपगाड्या

जुन्या नकाशात बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि धाराशिव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. दोन्ही गावं मात्र बाजारहाटाने जोडलेली होती. पुढे आजारपणानेही जोडली गेली. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाला नर्गिस दत्त यांचं नाव आहे. फातिमा रशीद या नावाने जन्मलेली ही अभिनेत्री ३ मे १९८१ रोजी स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली. १९८७ मध्ये बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शीसोबत भूम आणि परंडा तालुक्यांतली गावं तिच्यात होती. रुग्ण दवाखान्यात येत नसत, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरून लक्षणं समजावून सांगत आणि संशयित रुग्ण शोधत. या फिरण्यामुळे बायका लवकर तपासणीला येऊ लागल्या, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं.

याच पायावर ऑक्टोबर १९९९ मध्ये मोठा प्रयोग उभा राहिला. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीतले डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी, आणि जागतिक आरोग्य संघटनेची ल्योंमधली कॅन्सर संशोधन संस्था त्यात होती. तिथले डॉ. आर. शंकरनारायणन हे प्रमुख संशोधक होते. पैसा गेट्स फाउंडेशनकडून आला. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा सहाच वर्षं झाली होती.

जिल्ह्यातली ४९७ गावं ५२ गटांत विभागली गेली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची नोंद झाली. चिठ्ठी टाकावी तसे गटांचे चार भाग पाडले. एका भागात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात अॅसिटिक अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या भागातल्या ३१,४८८ स्त्रियांना आरोग्याची माहिती मिळाली आणि नेहमीचे उपचार खुले राहिले, पण तपासणी दिली गेली नाही. यातल्या जवळजवळ कुणाचीही आधी कधी अशी तपासणी झालेली नव्हती.

गावातच तपासणीची सोय झाली. नमुना घेणं आणि अॅसिड लावून पाहणं ही कामं प्रशिक्षित परिचारिका-सुईणींनी केली. जहरावींचा सल्ला असा हजार वर्षांनी धाराशिवच्या खेड्यात अमलात आला. ज्यांच्यात दोष आढळला त्यांना डॉक्टरांनी कॉल्पोस्कोपमधून पाहिलं आणि गरजेप्रमाणे उपचार केले. ज्यांना बोलावलं, त्यांतल्या दर दहा स्त्रियांपैकी जवळपास आठ आल्या. 'आपल्या बायका येत नाहीत' असं म्हणणाऱ्यांना हा आकडा उत्तर आहे. बाईने समजावलं, बाईने तपासलं आणि गावात सोय झाली, तर बायका येतात.

२ एप्रिल २००९ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात पुढच्या टप्प्याचे कॅन्सर ३९ होते आणि मृत्यू ३४. तपासणी न दिलेल्या, संख्येने थोड्या लहान गटात पुढच्या टप्प्याचे कॅन्सर ८२ आणि मृत्यू ६४. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. पॅप आणि डोळ्यांनी पाहण्याच्या गटांत असा ठोस फरक दिसला नाही. तमिळनाडूतल्या दिंडीगलमध्ये आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये मात्र डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीनेही मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, म्हणून ती निरुपयोगी म्हणता येत नाही. ती पाहणाऱ्याच्या सरावावर फार अवलंबून आहे, एवढं खरं.

त्याच २००९ साली काचेच्या धाग्यातून लांबवर संदेश नेण्याच्या कामासाठी चार्ल्स काओ यांना नोबेल जाहीर झालं आणि धाग्यांचा शास्त्रज्ञ कपानी मागे राहिल्याची हळहळ भारतीय वर्तमानपत्रांत उमटली. धाराशिवच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांनी त्याच वर्षी जगाला काय शिकवलं, याची तेवढी चर्चा झाली नाही. जागतिक आरोग्य संघटना आज पहिली चाचणी म्हणून एचपीव्हीच सुचवते. त्या शिफारशीमागच्या भक्कम पुराव्यांत उस्मानाबादचं नाव आहे.

चौथ्या गटाचा प्रश्न

या यशाला एक काळी कड आहे. चौथ्या गटातल्या त्या ६४ बायका कोण होत्या? चिठ्ठी दुसऱ्या गटाची निघाली असती, तर त्यातल्या काही आज नातवंडं खेळवत असत्या.

२०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरने हा प्रश्न उघड मांडला. मुंबई, उस्मानाबाद आणि दिंडीगल या तिन्ही अभ्यासांत मिळून १,३८,६२४ स्त्रियांना तपासणी दिली गेली नाही आणि त्यांतल्या किमान २५४ जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या, असं त्याने लिहिलं. तपासणीने जीव वाचतो हे पाश्चात्त्य देशांना आधीच ठाऊक होतं, मग गरीब स्त्रियांचे मृत्यू मोजायची गरज काय होती, असा त्याचा आक्षेप होता. संशोधकांचं म्हणणं असं, की भारतातल्या खेड्यांत तेव्हा तपासणीची सोयच नव्हती. या परिस्थितीत कोणती पद्धत चालते ते मोजल्याशिवाय सरकारला सांगता आलं नसतं.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण संशोधकांचा बचाव ज्या गोष्टीवर उभा आहे, तीच आपल्याला सर्वात जास्त टोचायला हवी. तपासणी न मिळणं हीच इथली 'नेहमीची व्यवस्था' होती. प्रयोगाने त्या बायकांकडून काही काढून घेतलं नाही, कारण त्यांच्याकडे आधीपासून काहीच नव्हतं. मग ज्यांच्या मृत्यूंवर हे ज्ञान उभं राहिलं, त्यांच्या लेकीसुनांना तरी ते मिळालं का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया देशात शंभरात दोनही नव्हत्या.

न पाहता कापणं

पाहण्याची सोय नसली की तिची जागा भीती घेते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या अनेकींना 'कॅन्सर होईल' अशी भीती घातली गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. कोयता घेऊन उसाच्या फडात जाणाऱ्या बायका धाराशिवच्या तालुक्यांतूनही निघतात. एका साध्या चाचणीने जे कळलं असतं, ते न तपासता अवयवच काढून टाकायचा, अशी ही उलटी दुनिया आहे.

आपल्या समाजापुरतंही थोडं स्पष्ट बोलायला हवं. मुंबईच्या जुन्या कॅन्सर नोंदींत मुस्लिम स्त्रियांमध्ये हा कॅन्सर तुलनेने कमी आढळला होता. त्यावरून 'आमच्यात होत नाही' असा समज काही घरांत आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि विषाणू नाव विचारून येत नाही. राहिला पडद्याचा प्रश्न. जीव वाचवण्यासाठी एरवी मनाई असलेली गोष्टही मोकळी होते, हे फिकहचं सर्वमान्य तत्त्व आहे. शिवाय एचपीव्हीच्या चाचणीत स्त्री स्वतःच, आडोशाला जाऊन, नमुना घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धतही मान्य केली आहे. जहरावींना सुईण शोधावी लागली. आज बाईला स्वतःच्या हातानेही हे जमतं. पुढच्या पिढीसाठी लसही आहे आणि त्यातली एक आपल्याच पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी उद्दिष्ट ठरवलं आहे. पंधरा वर्षांच्या आतल्या ९० टक्के मुलींना लस, ३५ आणि ४५ व्या वर्षांपर्यंत ७० टक्के स्त्रियांची तपासणी, आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार. हे शक्य आहे असं जगाला ज्या ठिकाणांनी पटवून दिलं, त्यात भूम, परंडा, कळंब, तुळजापूर, उमरग्याच्या खेड्यांचा वाटा आहे. जिल्ह्याला धाराशिव म्हणा की उस्मानाबाद, त्या खेड्यांतल्या बायकांनी आपलं काम केलं. त्या दहातल्या आठ जणी आल्या. आता त्यांच्या मुलींसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात एचपीव्हीची चाचणी कधी सुरू होणार, हे ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत आणि जुम्याच्या नमाजीनंतर मशिदीच्या ओट्यावरही विचारायला हवं.